पत्र्यावरचा भोपळा

इंजिनीअर शिडीवरून खाली उतरला, हाताचा गंज पँटला पुसला आणि म्हणाला, "हा पत्रा वेलानं खाल्लाय."

वेल माझा होता.

नांदेडला कॉलेजांच्या भागात आमच्या कॅथलिक चर्चचं विद्यार्थी केंद्र आहे. समोर हॉल. रविवारी संध्याकाळी तिथे कॉलेजची पोरंपोरी जमतात, मिस्सा म्हणजे आमची उपासना होते, गाणी होतात, मग बायबलमधल्या एखाद्या ओळीवरून वाद होतो आणि मला तीनदा चहा टाकावा लागतो. हॉलच्या मागे पत्र्याच्या पाच खोल्या. तिथे किनवटकडच्या दहा पोरी राहतात. किनवटहून रोज कॉलेजला येणं-जाणं हे वेड्याचं काम आहे, म्हणून त्या खोल्या. मी तिथे स्वयंपाक करते. लोह्याजवळच्या गावातून मी इथे आले तेव्हा माझे केस काळे होते आणि चौथीची शाळा सोडून बराच काळ लोटला होता.

दरवर्षी मृगात मी स्वयंपाकघरामागे भोपळ्याच्या बिया लावायची आणि वेल पत्र्यावर चढवायची. पत्रा तापतो, वेल करपतो, म्हणून आधी वर कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या काड्या अंथरायच्या. ऑक्टोबरच्या उन्हात खालच्या खोल्या थंड राहायच्या. पोरी दुपारी अभ्यासाला बसू शकायच्या. मला वाटायचं मी मोठं शहाणपण केलंय. सुकलेला पाला आणि काड्या तिथेच राहायच्या. वर्षानुवर्षं. त्यात ओल धरली आणि पत्र्याला गंज चढला. खालचे लोखंडी अँगलही गेले. मला कुणी सांगितलं नाही आणि मला कळलं नाही. कळलं तेव्हा भोक माझ्या तळहाताएवढं झालं होतं.

इंजिनीअरने कागदावर लिहून दिलं: पुढच्या वर्षीचं कॉलेज सुरू व्हायच्या आत पत्रा आणि अँगल बदलायचे, नाही तर या पाच खोल्या बंद करायच्या. फादरांनी तो कागद बिशपांच्या ऑफिसला पाठवला. तिकडून उत्तर आलं, बरोबर आहे, बंद करा. पैसे पाठवतो असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

बी.एस्सी.ला असलेली एक पोर माझ्याकडे आली. "मावशी, मी पेटी भरून ठेवू का?"

"कामून?"

"आज ना उद्या जायचंच हाय तर."

"पेटीला हात लावायचा न्हाई," मी म्हणाले. "कांदा चिर."

आमचे फादर तरुण, दक्षिणेकडचे, मराठी पुस्तकातून शिकलेले. मला आजी म्हणतात. ते म्हणाले, "आजी, आपण निधी संकलन करू."

"ते काय असतं?"

"लोकांकडे पैसे मागणे."

"मग तसं म्हणा. मागायला मी येते. माझ्या हातचं खाल्लेले लई जण हायेत."

पहिल्यांदा आम्ही लातूरला गेलो. आमच्या हॉलमध्ये रविवारी येणारी पुष्कळ पोरं पुढे लातूरला स्थिरावली. कुणी प्राध्यापक झाला, कुणी सरकारी नोकरीत गेला. एकाचा तर कोचिंग क्लास आहे, बोर्डावर त्याचाच फोटो. त्याने आम्हाला थंड हवेच्या खोलीत बसवलं, चहा दिला, आणि फादरांना म्हणाला, "केंद्राचा फोटो दाखवा ना." फादरांनी मोबाईल पुढे केला. तो दोन बोटांनी फोटो मोठा करून बघत राहिला.

"फादर, यात दाखवण्यासारखं काय हाय? रस्त्यावरून तर कळतबी न्हाई आत काय हाय ते. आधी समोर काही तरी उभं करा. मग लोक देतील."

"तू रविवारी आत बसून तीन भाकरी खायचा," मी म्हणाले. "तवा कसं कळत होतं तुला आत काय हाय ते?"

तो हसला. "मावशी, तुमी अजून तशाच हाव!" त्याने पाकीट दिलं. पातळ होतं. बाकीच्या घरांतही तेच झालं. चहा दाट, पाकीट पातळ. परतीच्या एसटीतून फादर रस्त्यावरच्या गावांच्या कमानी बघत होते. अहमदपूर मागे पडल्यावर म्हणाले, "आजी, आपल्याला एक कमान हवी आहे."

कमानीचं खूळ असं लातूरहून आमच्या मागे लागलं.

केंद्राच्या कमिटीत एक गुत्तेदार आहे. सरकारी शाळा, नाल्या, रस्ते बांधतो. मनाने वाईट नाही, पण त्याला जमिनीच्या वर दिसेल तेवढंच काम वाटतं. त्याच्या आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तो म्हणाला, "कमानीचा अर्धा खर्च मी देतो. वर आईचं नाव येईल. उरलेला अर्धा सुगीच्या सणाच्या लिलावातून काढा." कमिटीने माना हलवल्या. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तो ट्रे मी टेबलावर जरा जोरात ठेवला.

"आन् पत्रा?"

"कमान बघून पैसे येतील, मग पत्रा," गुत्तेदार म्हणाला.

"कमान होईस्तवर पोरी जातील घरी. कमानीखालून कोण येणार मग, तुमी?"

"मावशी, पत्र्याचं तुमी बोलूच नका. तुमच्याच भोपळ्यानं खाल्ला तो."

सगळे हसले. फादर हसले नाहीत. मी ट्रे उचलून स्वयंपाकघरात गेले आणि मागच्या दाराने बाहेर आले. वर पत्र्यावर त्या वर्षीचा सगळ्यात मोठा भोपळा बसला होता, एका माणसाला जेमतेम उचलेल असा. गुत्तेदार खोटं बोलला नव्हता. मग मला वाटलं, भोपळ्याने खाल्लं तर भोपळ्यानेच भरून द्यावं.

आता लिलावाचं सांगते. सुगीचा सण आला की आमचे लोक शेतातलं पहिलं पीक आणून वेदीपुढे ठेवतात. उडीद, मूग, सोयाबीन, केळीचे घड, अंडी, कोंबड्या. मिस्सा झाली की अंगणात टेबल टाकून त्याची बोली लागते. घंटा वाजवणारा आमचा म्हातारा बोली घेतो, त्याचा आवाज अजून खणखणीत आहे. कोंबड्या, केळी ज्याची बोली त्याच्या घरी जातात. पण मोठा भोपळा कुणी घरी नेत नाही. शंभर रुपयांना घेतला, पैसे दिले, की तो परत टेबलावर. दुसरा घेतो, तोही परत ठेवतो. एकच भोपळा पंधरा-वीस वेळा विकला जातो. ज्याच्याकडे शंभर आहेत त्याचेही लागतात, हजारवाल्याचेही लागतात. शेवटी तो स्वयंपाकघरात येतो आणि मी त्याची भाजी करून पोरींना घालते. लिलावाचा खरा पैसा भोपळ्याचाच. आणि भोपळा दरवर्षी माझा.

सणाच्या आठवडाभर आधी मी फादरांना सांगितलं, "यंदा भोपळा पत्र्यासाठी. कमानीसाठी असेल तर मी देणार न्हाई."

"आजी, तो भोपळा देवाचा आहे."

"तर देवाला म्हणा, वर चढून काढा."

फादरांनी डोक्याला हात लावला. तोवर गुत्तेदाराने फाटकापाशी कमानीच्या खांबांचे दोन खड्डे खणूनही ठेवले होते. पैसे जमायच्या आधीच.

मी गप्प बसले नाही. आमच्या किराणा दुकानदाराकडे गेले. तो मूळचा उदगीरचा, लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. मला अव्वा म्हणतो, कानडीत आई. केंद्राचा तांदूळ, तेल, डाळ सगळं त्याच्याकडून येतं. मी म्हणाले, "आमच्या सणाला ये. भोपळ्याची बोली लाव. चांगली मोठी लाव."

"अव्वा बोलावून राहिली तर येतोच की."

सांगायचं ते मी सांगितलं. जे सांगायचं राहिलं, ते पुढे महागात पडलं.

सणाच्या दिवशी अंगण भरलं होतं. लोह्याकडून, धर्माबादकडून माणसं आली होती. पोरींनी दोर लावून भोपळा पत्र्यावरून खाली घेतला होता. मी तो स्वतः टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवून उभी राहिले.

"बोली सुरू करू?" म्हाताऱ्याने विचारलं.

"थांबा. हा भोपळा पत्र्यावरचा हाय. पत्रा यानंच खाल्ला, चूक माझी. म्हणून पत्रा यानंच भरून द्यायचा. ज्याला कमानीला द्यायचं त्यानं केळी घ्यावी, कोंबडी घ्यावी. भोपळ्याला हात लावू नये."

गुत्तेदार पुढे आला. "मावशी, देवाच्या दारात अटी घालून राहिल्या का?"

"तुमी आईचं नाव घालून राहिले, मी पत्रा घालून राहिले."

मागून कुणी तरी हसलं. फादर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आजी, हे आपण नंतर बोलू."

"नंतर म्हणजे पोरी गेल्यावर."

फादरांनी माझ्याकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. दहा पोरी हॉलच्या पायरीवर ओळीने उभ्या होत्या, त्यांच्याकडे पाहिलं. मग मोठ्याने म्हणाले, "भोपळा पत्र्यासाठी. बाकी सर्व कमानीसाठी." पुस्तकातलं मराठी, पण काम झालं.

गुत्तेदाराने हाताची घडी घातली. म्हाताऱ्याने हाक दिली, "बोला, भोपळा!" आणि लोकांनी शंभर म्हणायला तोंड उघडायच्या आत मागून दुकानदाराचा आवाज आला, "पाच हजार!"

आमच्याकडे पहिली बोली पाच हजारांची कधी लागली नव्हती. तिच्यावर कोण जाणार? "एकवार, दोनवार, तीनवार." दुकानदाराने पैसे दिले, देवाला हात जोडले, भोपळा छातीशी धरला, स्कूटरवर पायांपाशी ठेवला आणि निघून गेला. फाटकाबाहेर स्कूटर वळली तरी आम्ही बघतच होतो. माणसं शंभर-दोनशेच्या नोटा मुठीत धरून तशीच उभी राहिली. पाच हजारांत एका खोलीचं अर्धंसुद्धा छप्पर होत नाही.

"झाला तुमचा पत्रा," गुत्तेदार म्हणाला. "घ्या आता, कोंबड्यांची बोली घ्या."

मी पदर खोचला, रस्त्यावर आले आणि ऑटो थांबवला.

दुकानाच्या वरच त्याचं घर. दार उघडं होतं. त्याची बायको विळीवर बसली होती आणि भोपळ्याचा एक चतकोर कापून झाला होता.

"अव्वा, या की! भाजी होऊन राहिली, जेवूनच जा."

"विळी थांबव."

दुकानदार आतून आला. "का हो अव्वा? किडका निघाला का?"

"किडका न्हाई. परत दे."

"परत? पैसे दिले की म्या!"

"पैसे द्यायचे आन् भोपळा टेबलावर परत ठेवायचा. मग दुसरा घेतो. तोबी परत ठेवतो."

"मग शेवटी घेतो कोण?"

"कुणीच न्हाई. मी शिजवते."

त्याने बोटांवर हिशेब केला. "म्हंजे पैसे द्यायचे आन् माल न्यायचा न्हाई. अव्वा, असली गिऱ्हाईकं माझ्या दुकानात पाठव की."

बायको मात्र हसली नाही. तिने सांगितलं, त्यांच्याकडे जत्रेत देवाच्या नारळाची बोली लागते. ज्याची बोली मोठी, त्याने नारळ घरी नेऊन देवघरात ठेवायचा. बोली लावून नारळ तिथेच टाकून येणं म्हणजे देवाचा अपमान. "हे टाकून आले असते तर मी घरात घेतलं नसतं," ती म्हणाली. आता यात चुकलं कोण? तो नाही. मीच. वेल चढवताना चुकले तशीच.

तिने कापलेला भोपळा धुतलेल्या धोतरात बांधून दिला. "फोडी होऊन गेल्या की पण," ती म्हणाली. "कसं करणार?"

स्कूटरवर दुकानदाराच्या मागे, मांडीवर ते गाठोडं धरून, मी ठरवलं कसं करायचं.

अंगणात पंगत बसायच्या बेतात होती. मी टेबल पुसून घेतलं, सुरी मागवली आणि उरलेला भोपळाही कापला. हाताएवढ्या फोडी केल्या, टेबल भरून. म्हातारा म्हणाला, "बाई, फोडीची बोली कशी लावू?"

"भोपळ्याची लावता तशीच. आन् घेतलेली फोड परत ठेवायची." हे मी या वेळी मोठ्याने सांगितलं. दुकानदाराने सगळ्यांकडे बघून मान हलवली, जणू नियम त्यानेच केला.

आमच्या लिलावात बायका बोलत नाहीत. नियम कुठे लिहिलेला नाही. पुरुष बोली लावतात, बायका मागे उभ्या राहतात आणि घरी गेल्यावर भांडतात. अख्खा भोपळा ही पुरुषांची मिरवायची गोष्ट. पण फोड रोज आमच्याच हातात असते. तिला घाबरण्यासारखं काय आहे? पहिली बोलली ती बसस्टँडवर केळी विकणारी. "पन्नास." तिच्या मागून एक शिक्षिका, "शंभर." मग काय, बटवे उघडले, ब्लाउजमधली पाकिटं निघाली. एकीने फोड घेऊन परत ठेवली की दुसरी तीच उचलायची. पुरुष आधी हसले, मग त्यांच्या बायका त्यांच्याच खिशात हात घालू लागल्या तेव्हा थांबले. म्हाताऱ्याचा घसा बसला. पोरींनी आपापसात गोळा करून एक फोड घेतली. मी नको म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. मी पुन्हा नको म्हणाले नाही.

गुत्तेदाराची बायको कधी बोलत नाही. कमिटीच्या जेवणातही नाही. ती पुढे आली, एक फोड उचलली आणि म्हणाली, "दोन हजार. पत्र्याला."

"अगं," गुत्तेदार म्हणाला, "आईची कमान..."

"तुमच्या आईनं सारा जन्म गळक्या पत्र्याखाली काढला. पावसात पातेली मांडून झोपायची, मीबी मांडलीत. कमानीखाली ती एक दिवस बसली न्हाई."

तिने फोड परत ठेवली आणि जाऊन पंगतीत बसली. गुत्तेदार फाटकाकडे गेला आणि आपल्या खड्ड्यांपाशी बराच वेळ उभा राहिला.

सगळा पत्रा झाला नाही. उगाच खोटं कशाला सांगू. मेच्या सुट्टीत तीन खोल्यांचा झाला, नव्या अँगलसकट. पत्रे गुत्तेदाराने आपल्या खरेदीच्या भावात आणून दिले आणि बसवणाऱ्यांची मजुरी स्वतः दिली. उपकार म्हणून नाही. महिनाभर बायको त्याच्याशी बोलली नव्हती, हे मला तिनेच सांगितलं. दोन खोल्या राहिल्या. फादरांनी इंजिनीअरचा कागद पुढे ठेवला. "आजी, नियम आहे. चार मुलींना जावे लागेल."

मी तो कागद त्यांच्याकडून वाचून घेतला. दोनदा. कमिटीच्या खोलीचं नाव त्यात कुठेच नव्हतं. हॉलला लागून आहे ती खोली, स्लॅबची, पंखा आहे, मोठं टेबल आहे, महिन्यातून एकदा उघडते. बी.एस्सी.वाली आणि तिच्यासारख्या तिघी, चौघींनी खाटा उचलल्या आणि मी टेबल बाहेर ओढलं. पेट्या खाटांखाली गेल्या. कमिटी आली तेव्हा टेबल व्हरांड्यात होतं आणि त्यावर चहा होता.

"हे काय?" गुत्तेदार म्हणाला.

"मीटिंग. बसा. व्हरांड्यात वारा छान येतो. उरलेल्या दोन खोल्यांचं बोला, मग खोली परत मिळेल."

बसले. उठून जाणार कुठे? फादर सगळ्यात आधी बसले.

मृग लागला तेव्हा पोरींनी विचारलं, "मावशी, यंदा वेल न्हाई का?" बिया होत्या. दुकानदाराच्या बायकोनेच विळीवरच्या बिया धुऊन, वाळवून पाठवल्या होत्या. पण नव्या पत्र्यावर आता मी पानसुद्धा चढू देणार नाही. जागा तर पाहिजे. कमानीचं पुढे कुणी नाव काढलं नाही, फाटकापाशी गुत्तेदाराचे दोन खड्डे मात्र होते, कमरेएवढे खोल, माती मोकळी केलेली. मी त्यात शेणखत घातलं, बिया लावल्या आणि कुंपणाला दोऱ्या बांधल्या.

पुढच्या मीटिंगला तो आला आणि फाटकातच थांबला. "मावशी, हे खड्डे बुजवायचे होते."

"बुजवा," मी म्हणाले. "भोपळा निघाल्यावर."